वीस क्विंटल कापूस आणि तीन लेकरांचं घर

अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या एका घरी डिसेंबर 2022 मध्ये मी आशाताईंबरोबर गेले. आशा म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, आणि मी अशा आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं झालं की आशानं घरी जाऊन त्याचं वजन, वरचं खाणं, लसी, घरातलं हात धुणं हे सगळं पाहायचं असतं. ही त्यातली नवव्या महिन्याची भेट. एरवी अशा भेटीला आशा एकटीच जाते, पण या घरासाठी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. बाळाला महिन्याभरात दोनदा जुलाब झाले होते, थोरल्या मुलीच्या हातापायांवर पुरळ होतं, आणि घराच्या स्वच्छतेवरून सासू-सुनेचं रोज वाजत होतं.

घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. त्यांची नावं आणि गावाचं नाव दिलेलं नाही.

घरात माणसं सात. आबा आणि सासूबाई, त्यांचा मुलगा, सून आणि तीन लेकरं. थोरली मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाणारी. मधला मुलगा साडेतीन वर्षांचा, अंगणवाडीत. धाकटा नुकता रांगायला लागलेला. सहा एकर शेती, बहुतेक कोरडवाहू, त्यामुळे कपाशीवरच सगळी भिस्त. दारात एक म्हैस आणि बैलजोडी. सून सत्तावीस वर्षांची, शिरपूरकडची, बारावी शिकलेली.

आम्ही ओट्यावर पाय ठेवला तोच सासूबाई म्हणाल्या, "या ताई. हाई घर शे का उकिरडा, तुम्हीच सांगा." सून आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही.

पुढच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर सात माणसांचे शाळेचे, शेतातले, धुतलेले, धुवायचे सगळे कपडे एकावर एक पडलेले होते. खाली गोधड्यांची चवड, चवडीवर दप्तर, शेजारी ज्वारीच्या दोन गोण्या, गोण्यांवर भांड्यांची पाटी. गोण्या आणि भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत बाळ रांगत होतं. पण फरशी सकाळीच पुसलेली होती, फिनाईलचा वास येत होता. कोपऱ्यात कुठे जाळं नव्हतं. चुलीजवळचा पितळी तांब्या घासून लख्ख केलेला. ज्या बाईला स्वच्छतेची चाड नाही तिच्या घरी असा तांब्या दिसत नाही. हात इथे दिवसभर राबत होते, पण वस्तू ठेवायला जागाच नव्हती.

ती जागा कुठे गेली ते मधल्या खोलीचं दार लोटलं तेव्हा कळलं. दार अर्धंच उघडलं. आत कापूस होता.

माजघरातला कापूस

दहा बाय बाराची ती खोली, वर छताला दोन हात राहतील इतकी भरलेली. पहिल्या वेचणीचा कापूस दिवाळीला विकून उधारी भागवली होती. उरलेला सुमारे वीस क्विंटल इथे होता आणि वेचणी अजून चालूच होती.

त्या वर्षी खान्देशात गावोगाव हेच चाललेलं होतं. 2022 च्या सुरुवातीला कापसानं क्विंटलला दहा हजारांचा भाव ओलांडला होता. तो भाव ज्यानं डोळ्यांनी पाहिला त्याला पुढच्या हंगामात आठ-साडेआठ हजाराला माल देणं जिवावर येत होतं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6380 रुपये होता, म्हणजे बाजार हमीभावाच्या बराच वर होता, तरी शेतकरी थांबून होते. खेडा खरेदीवाले दारात यायचे, भाव सांगायचे आणि रिकामी गाडी घेऊन परत जायचे. आबांचं उत्तर ठरलेलं होतं, "जवय भाव वाढी तवय इकसूत."

कापूस राखून ठेवण्यात आबांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षभराची कमाई आहे ती. क्विंटलमागे दोन हजार जास्त मिळाले तर वीस क्विंटलचे चाळीस हजार होतात आणि त्या घरात चाळीस हजार ही रक्कम लहान नाही. पण या निर्णयाचं ओझं कोणावर पडलं हे त्या घरात कुणी बोलत नव्हतं. भाव वाढला असता तर पैसे सगळ्यांचे होते; तो वाढेपर्यंतची अडचण मात्र एकटी सून सोसत होती, आणि वर बोलणीही तीच खात होती.

कापसाच्या मागे लोखंडी कपाट होतं, सुनेच्या माहेरून आलेलं. दिवाळीपासून त्याचं दार उघडलेलं नव्हतं. म्हणून कपडे दोरीवर. खाट तिथेच अडकलेली, म्हणून गोधड्या पुढच्या खोलीत. धान्याची कोठी त्याच खोलीत, म्हणून ज्वारी गोणीतच. सासूबाई ज्याला लेकरांचा पसारा म्हणत होत्या त्यातल्या वस्तू मी एकेक करून पाहिल्या. लेकरांचं त्यात एक दप्तर, एक फुटका ट्रॅक्टर आणि कणसांच्या बुरकुंड्या, एवढंच होतं. बाकी सगळं माजघरातून बाहेर पडलेलं सामान.

आणि घाण? तीही बरीचशी तिथलीच. कापसाबरोबर वाळल्या पानांचा चुरा येतो, बोंडाची टरफलं येतात, बारीक किडे येतात. दार उघडलं की तुसं उडतात आणि अन्नावर, अंथरुणावर, पाण्याच्या हंड्यावर बसतात. दुपारी थोरली आणि मधला त्या ढिगावर चढून उड्या मारायचे. घरात एवढा मऊ डोंगर असल्यावर कोणतं लेकरू उडी मारणार नाही? थोरलीचं पुरळ त्यातूनच आलेलं होतं. त्या हंगामात घरात कापूस साठवलेल्या कुटुंबांतून खाजेच्या तक्रारी येतच होत्या. आबांच्या दंडावरही तसेच लाल चट्टे होते, पण ते बाहीखाली होते आणि ते त्याबद्दल कुणाला सांगत नव्हते.

शेजारच्या खोलीत चूल पेटते, हे वेगळं सांगायला नको.

सून काय काय करत होती

मी सुनेपाशी चुलीजवळ जाऊन बसले. तिला स्वच्छतेबद्दल काहीच विचारलं नाही, फक्त कालचा दिवस सांग म्हटलं. भाकरी थापता थापता ती सांगत गेली. पहाटे पाचच्या आत उठणं, शेणकूर, अंगण झाडणं, सडा. पाणी तापवणं, चहा, सात माणसांच्या भाकऱ्या. थोरलीची वेणी, मधल्याला अंगणवाडीत सोडणं. दहाला वेचणीला शेतात. बाळ सासूबाईंजवळ. पाचला परत, मग भांडी, म्हशीचं दूध, रात्रीचा स्वयंपाक. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाट ते सकाळ भरण्यातच जाते आणि धुणं त्याच दिवशी काढावं लागतं. "दिवसातून चारदा झाडते, ताई," ती म्हणाली, "तरी पायाला तुसं लागतातच."

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाला, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. लेकरांना सांभाळायचा वेळ त्यात धरलेला नाही, तो वेगळा. ही मुलगी त्या सरासरीच्या कितीतरी पुढे होती, त्याशिवाय शेतातले सात तास. तिला आणखी झाडायला, आणखी पुसायला सांगणं हा शुद्ध अन्याय झाला असता.

पण तिचा दिवस ऐकताना एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं. जे दिसतं ते ती आधी साफ करायची, कारण सासूबाई आणि शेजारपाजार तेच पाहत होते. फरशी दोनदा फिनाईलनं पुसली जायची, पण बाळाची दुधाची बाटली साध्या पाण्यानं खळबळून पुन्हा भरली जायची. रबरी बोंडल्याच्या आत दुधाचा पिवळट थर मला दिसला, बोटानं खरवडला तर निघाला. बाळाची शी कागदावर उचलून मागच्या उकिरड्यावर टाकली जायची आणि हात नुसत्या पाण्यानं धुतले जायचे. सासूबाईंचं म्हणणं, दूध पिणाऱ्या लेकराच्या शीची कसली आली घाण! हा समज फक्त त्यांचा नाही, आमच्या भागात तो सर्रास आहे. तो चुकीचा आहे. लहान बाळाच्या शीतही मोठ्यांच्या शीइतकेच रोगजंतू असतात, आणि ती उघड्यावर पडली की माश्या, कोंबड्या, अनवाणी पाय यांच्यामार्फत परत घरात येते. बाळाच्या दोन जुलाबांचं मूळ दोरीवरच्या कपड्यांत नव्हतं, या बाटलीत आणि या हातांत होतं.

झाकण

मी आबांशी कापसाचा विषय काढला तेव्हा त्यांनी पहिल्या वाक्यालाच तोडला. लेकरं काय, आज खेळतील, उद्या मोठी होतील; कापूस हलवायचा म्हणजे वजनात घट, मजुरी वेगळी. मुलगा शेजारी उभा होता, वडिलांपुढे बोलला नाही. विषय तिथेच संपला असता.

तेवढ्यात आशाताई जोरात ओरडल्या. मधला मुलगा ओट्यावर बसून माती आणि पाण्याचा चहा करत होता. एका पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणात तो चहा मोजून ओतायचा, आतल्या रेघेपर्यंत आला की थांबायचा. अगदी मन लावून चाललं होतं त्याचं. मग ते झाकण त्यानं बाळाच्या ओठाला लावलं आणि "चहा पी" म्हणाला. आशाताईंनी झडप घालून ते काढून घेतलं. झाकण फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं होतं. आतल्या रेघा म्हणजे औषध मोजायचं माप.

बाटली ओट्याच्या कोनाड्यात होती, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, आणखी तीन बाटल्यांच्या शेजारी. तिच्यावर पिवळा त्रिकोण होता. आपल्याकडे कीटकनाशकांच्या लेबलवर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे चार त्रिकोण असतात. लाल सगळ्यांत जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल. औषधं कोनाड्यात कशी आली? आधी ती मधल्या खोलीच्या माळ्यावर असायची. कापूस आला, माळा अडला आणि औषधं ओट्यावर आली.

झाकण आधी धुतलेलं असावं, बाळाला काही झालं नाही. आम्ही तोंड, हात साबणानं धुतले आणि दोन तास तिथेच थांबलो. सगळ्यांना सांगितलं की असं काही पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायला जायचं नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही. लेकराला आणि त्या बाटलीला घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. लेबल वाचलं की उपचार काय करायचा ते डॉक्टरांना कळतं.

आबांचा मुलगा काही बोलला नाही. त्यानं चारही बाटल्या उचलल्या, गोठ्यात एक जुनी लोखंडी पेटी होती तिच्यात ठेवल्या आणि कुलूप लावलं. रिकाम्या बाटल्यांना भोकं पाडून त्या लांब, विहिरीपासून दूर पुरायच्या, हे त्याला माहीत होतं. मग तो वडिलांसमोर आला आणि म्हणाला, "आबा, अर्धा कापूस काकांच्या शेडमध्ये टाकू." आबांनी शर्टाची बाही सरळ केली आणि मान हलवली.

फेरबदल

दुसऱ्या दिवशी चार माणसं लागली. दहाएक क्विंटल चुलत्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. उरलेला खोलीच्या एका बाजूला दाबून, पुढे फळ्या उभ्या करून, वरून ताडपत्री टाकून बांधला. कपाट मोकळं झालं, खाट सुटली, दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. घराच्या स्वच्छतेसाठी त्या हंगामात झालेलं सगळ्यांत मोठं काम ते हे, आणि ते पुरुषांनी केलं. गटप्रवर्तक म्हणून मी अनेक घरं पाहते. लहान लेकरांच्या घरात पसाऱ्याचं कारण शोधताना बाईच्या झाडूकडे सगळे बघतात. घरात मोठ्या वस्तू कुणाच्या शब्दावर येतात आणि कुठे ठेवल्या जातात, तिकडे कुणी बघत नाही. मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

मग सुनेबरोबर आणि सासूबाईंबरोबर, दोघींना एकत्र बसवून, काय टाळायचं नाही आणि काय सोडून द्यायचं ते ठरवलं. टाळायचं नाही ते थोडंच ठेवलं. तिच्याकडे हात दोन आणि दिवस एकच.

पहिलं हात आणि वाटी. बाटली बंद, दूध आणि खिचडी वाटी-चमच्यानं. वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढायचा. बाळाची शी संडासात टाकायची आणि नंतर साबणानं हात धुवायचे, ज्यानं शी काढली त्यानं. साबण न्हाणीपाशी ठेवला की कावळे पळवतात, ही सासूबाईंची खरी अडचण होती. म्हणून साबण जुन्या मोज्यात घालून मोजा खुंटीला बांधला. ओल्या मोज्यावरच हात चोळायचा. बाटली सोडायला बाळानं बराच त्रास दिला आणि सासूबाईंनीही, कारण सून शेतात असताना रडणारं बाळ त्यांच्या मांडीवर असायचं आणि बाटली त्यांना सोपी पडायची. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांना पहिल्या आठवड्यात आशाताई रोज जाऊन भेटल्या, चमच्यानं कसं पाजायचं ते करून दाखवलं, तेव्हा जमलं.

दुसरं बाळाची जागा. सगळी फरशी दिवसभर स्वच्छ ठेवणं त्या घरात अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. खिडकीजवळ एक वाकळ अंथरायची, ती बाळाची. तिच्यावर कुणी चप्पल घालून यायचं नाही, धान्य निवडायचं नाही, फिनाईल लावायचं नाही. वाकळी दोन, एक अंथरलेली, एक उन्हात. स्वयंपाकघराची जमीन शेणानं सारवलेली असते. सारवलेली जमीन मला स्वतःला फार आवडते, तिचा गारवा फरशीला येत नाही, पण शेणात जंतूही असतात आणि जंतांची अंडीही, आणि रांगतं बाळ जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. तिथे बाळ सोडायचं नाही एवढंच ठरवलं, सारवण बंद करा असं म्हटलं नाही.

तिसरं पाणी. पाच दिवसांचं पाणी टिपाडात, हौदात, हंड्यांत साठतं. टिपाडावर कापड ताणून दोरी बांधायची, माठाला लांब दांड्याचं ओगराळं. नळ यायच्या आदल्या संध्याकाळी टिपाड रिकामं करून आतून घासायचं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्यातून एकदा तरी हवा. इथे नळाच्या वारामुळे तो आपोआप पाळला गेला. बादलीत वीतभर पाणीसुद्धा उघडं ठेवायचं नाही. रांगणारं लेकरू बादलीत डोकावतं आणि डोकं खाली गेलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही.

बाकी सगळं सोडून द्यायचं. कपड्यांच्या घड्या पडल्या नाहीत तरी चालेल, कपाटात प्रत्येकाचा एक खण, त्यात कोंबले तरी हरकत नाही. रोज तांब्या घासायचा नाही. दुसऱ्यांदा फरशी पुसायची नाही. हे ऐकताना सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. कामं वाढवायला सांगणारे तिला पुष्कळ भेटले होते.

लेकरांचा वाटा

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं, तेव्हा झाडणं, धुणं, निवडणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं हे मुलांच्या शिकण्याचाच भाग होतं. अंगणवाडी हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामागे ही परंपरा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं काम करायला मनापासून आवडतं, हे त्या मधल्या मुलाकडे पाहून कुणालाही कळलं असतं. जो औषधाच्या झाकणात रेघेपर्यंत चहा मोजतो, तो काय नाही करणार? त्याला बिनकामाच्या केरसुणीचा एक बुटका तुकडा करून दिला. बुरकुंड्या, फुटका ट्रॅक्टर, डब्यांची झाकणं यांसाठी एक टोपली. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी सगळं टोपलीत. पहिल्या दिवशी त्यानं कोंबडीच्या पिल्लालाही टोपलीत घातलं.

भांडण झालं ते थोरलीवरून. सासूबाई म्हणाल्या, भांडी हिला घासू दे, "पोरगी शे, आत्तेपाईन शिकाले जोयजे." मी कडक बोलले. सहा वर्षांच्या मुलीला घर आवरायला शिकवणं आणि आईचं ओझं तिच्या डोक्यावर देणं यांत फरक आहे, आणि आपल्या घरांत तो फरक मुलीच्या बाबतीतच नेमका पुसला जातो. ठरलं ते असं की दोघं बहीण-भाऊ सारखंच काम करतील. तिचं दप्तर तिनं, त्याची टोपली त्यानं, जेवल्यावर आपापलं ताट मोरीत दोघांनी. भांड्यांना हात लावायचा नाही. संध्याकाळचा अर्धा तास तिचा अभ्यासाचा, त्यात कुणी हाक मारायची नाही. सासूबाईंना हे पटलं असं नाही. पण आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, शिकू दे तिले," आणि त्या गप्प बसल्या.

आखाजी आणि त्यानंतर

मार्चमध्ये बाराव्या महिन्याची भेट झाली. डिसेंबरात 7.2 किलो असलेलं बाळ 8.1 किलोवर गेलं होतं. मधे एकदा जुलाब झाले, पण ओआरएसचं पाणी आणि झिंकची गोळी चौदा दिवस, दोन्ही घरीच नीट दिलं गेलं. पूर्वी जुलाब थांबले की गोळी थांबायची.

खरी कसोटी आखाजीला लागली. 2023 ची अक्षय तृतीया 22 एप्रिलला होती. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. या घरात दोन्ही नणंदा आल्या, लेकरं घेऊन. उन्हाचा तडाखा असा की दुपारी कुणाला बाहेर जाता येईना. कूलर एकच, म्हणून सगळी लेकरं एकाच खोलीत. घराच्या धाब्यावर कुरडया आणि बिबड्यांचं वाळवण. दोरी पुन्हा बांधली गेली, कपडे पुन्हा दोरीवर, टोपली कुठे गेली ती सापडेना. मी गेले तेव्हा डिसेंबरात पाहिलं होतं त्याहून घर जास्त विस्कटलेलं होतं. सून मात्र हसत होती. "पसारा होऊ दे, ताई. आठ दिवसांचं आहे," म्हणाली. टिपाडावर कापड बांधलेलं होतं. न्हाणीपाशी मोजा होता आणि तो ओला होता. मोठी नणंद चप्पल घालून बाळाच्या वाकळीवरून गेली तशा सासूबाई तिच्यावर खेकसल्या. सुनेनं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

कापूस शेवटी मेमध्ये गेला, 7200 रुपयांनी. डिसेंबरात साडेआठ हजारांनी मागत होते. म्हणजे वीस क्विंटलमागे सव्वीस हजार कमी आले, शिवाय वजनातली घट वेगळी. त्या वर्षी अनेकांचं असंच झालं. आबा त्याबद्दल बोलत नाहीत आणि मीही विषय काढला नाही. खोली रिकामी झाल्यावर पंधरा दिवसांत थोरलीची खाज गेली.

जूनमध्ये पंधराव्या महिन्याला बाळाचं वजन 9.1 किलो भरलं. ते आता चालतं, त्यामुळे वाकळीची हद्द संपली आहे आणि संपूर्ण घर त्याचं आहे. थोरली शाळा सुटल्यावर ताट उचलण्याच्या पलीकडेही काही ना काही करताना दिसते. अर्ध्या तासाचा अभ्यास कधी होतो, कधी होत नाही. आबांचा मुलगा पाण्याच्या दिवशी टिपाड भरतो, पण घासायचं काम अजून सुनेकडेच आहे. तिची झोप पाच तासांच्या वर गेलेली नाही आणि या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त टोचणारी गोष्ट तीच आहे.

येत्या वेचणीचा कापूस कुठे ठेवायचा हे अजून ठरलेलं नाही. गोठ्याला लागून पत्रे टाकून शेड करावी असं आबांच्या मनात आहे. मुलगा म्हणतो, आधी बियाणं आणि खताचे पैसे निघू देत. सुनेनं मात्र दोघांना सांगून ठेवलंय की पहिल्या वेचणीच्या आधी कपाट, खाट आणि कोठी पुढच्या खोलीत यायला हवी, औषधांची पेटी गोठ्यातच राहील, आणि मधल्या खोलीच्या कडीला कुलूप लागेल. त्यानंतर कापूस कुठे टाकायचा तो टाका.